राजीनाम्याआधी एक ई-मेल

पत्राचा सारांश: भांडुपला राहणाऱ्या 28 वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. नवव्या वर्षी आलेल्या मोठ्या तापानंतर त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले. त्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरतात आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर 58 टक्के अपंगत्वाची नोंद आहे. एम.कॉम. झाल्यावर गेली सहा वर्षे त्या ठाण्यातील एका सनदी लेखापालांच्या लहानशा कार्यालयात काम करतात, आणि दीड वर्षापासून मोठ्या कंपनीत जाण्याच्या प्रयत्नात आहेत. अकरा ठिकाणी नकार मिळाला. जेथे अर्जात खरे लिहिले तेथून बोलावणे आले नाही, आणि जेथे लिहिले नाही तेथे फोनवरच्या पहिल्या मुलाखतीतच गाडी अडली. अंधेरीच्या बाराव्या कंपनीने मात्र थेट कार्यालयात बोलावून दोन मुलाखती घेतल्या. केस मोकळे सोडून यंत्रे झाकलेली होती. निवड झाली, नेमणुकीचे पत्र आले, पगार जवळजवळ दुप्पट आहे. आता वैद्यकीय तपासणी व्हायची आहे आणि रुजू होण्याच्या अर्जात ‘काही अपंगत्व आहे काय?’ असा रकाना आहे. आई म्हणते, "पोटात ठेव, पर्मनंट झालीस की सांग." मोठा भाऊ म्हणतो, "खासगीचा नाद सोड, कोट्यातून सरकारी परीक्षा दे." जुन्या कार्यालयाचा राजीनामा लिहून ठेवला आहे, अजून दिलेला नाही. त्या विचारतात, "मी फसवणूक करत आहे का? आणि सांगितले तर हातची नोकरी जाईल का? मला कोणाची सवलत नको, फक्त काम हवे आहे."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द तीन वेळा आला आहे, तेव्हा आधी त्याच्याकडेच पाहू. त्या कंपनीने तुमच्याकडून काय तपासून घेतले? तुम्हीच लिहिले आहे की पहिल्या मुलाखतीत जीएसटीच्या विवरणपत्रातील तफावत शोधायला दिली होती आणि दुसऱ्या मुलाखतीत येणे-देणे खात्यांचा ताळमेळ कसा घालता, हे विचारले होते. तुम्ही उत्तरे दिलीत आणि ती त्यांना पटली. येत नसलेले काम येते असे तुम्ही सांगितले असते, तर त्याला फसवणूक म्हणता आले असते. समोरचा माणूस आपल्या हिशेबाआधी आपले कान पाहील, हे अकरा वेळा अनुभवल्यावर एखादीने केस मोकळे सोडले तर मी त्याला फार तर खबरदारी म्हणेन. ब्रिटन आणि अमेरिकेच्या कायद्यांत, काम देऊ करण्यापूर्वी उमेदवाराला अपंगत्वाविषयी विचारण्यास मालकांनाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणजे तुम्हाला जे केसांनी साधावे लागले, ते तेथे कायदा साधतो. आपल्याकडे खासगी कंपन्यांना अशी सरसकट मनाई नाही, म्हणून तो रकाना तुमच्यापुढे आला आहे.

मात्र मुलाखतीत न सांगणे आणि रकान्यात ‘नाही’ असे लिहून खाली सही करणे, यांत फार मोठे अंतर आहे. अशा अर्जाच्या शेवटी बहुधा, दिलेली माहिती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द होऊ शकते, अशा अर्थाचे एक वाक्य असते. त्याखाली सही झाली की उद्या कोणाशी बिनसले तर तुमच्या कामात खोट काढण्याची गरजच उरणार नाही. तुमच्या सहीचा कागद पुरेल. शिवाय वैद्यकीय तपासणीत कानांची चाचणी असू शकते, आणि ही गोष्ट तुमच्या तोंडून कळण्याऐवजी प्रयोगशाळेच्या अहवालातून कळावी, असे तुम्हालाही वाटणार नाही. त्यामुळे बाकी काहीही ठरवा, ‘नाही’ असे लिहू नका.

आता आईंविषयी. त्यांचा सल्ला मी झटकून टाकणार नाही, कारण जग कसे वागते याबाबतचा त्यांचा अंदाज बरोबर आहे. अमेरिकेत काही अभ्यासकांनी, योगायोगाने तुमच्याच क्षेत्रातील, म्हणजे लेखापालाच्या जागांसाठी सहा हजारांहून अधिक काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले होते. पात्रता सारखीच होती. काही अर्जांसोबतच्या पत्रात तेवढा अपंगत्वाचा उल्लेख होता, आणि तोही अशा अपंगत्वाचा की ज्याने हिशेबाच्या कामात फरक पडण्याचे कारण नव्हते. त्या अर्जांना मालकांकडून 26 टक्के कमी प्रतिसाद मिळाला. मला सर्वांत बोचलेली गोष्ट पुढची आहे: ही दरी नवख्या उमेदवारांपेक्षा अनुभवी उमेदवारांच्या बाबतीत अधिक रुंद होती. अनुभव वाढला की संशय विरघळेल, या समजुतीवर आपण सगळे मुलांना वाढवतो. तो प्रयोग तसे सांगत नाही. तेव्हा अकरा नकारांचा दोष तुम्ही स्वतःच्या बोलण्याला, उच्चारांना आणि ‘आत्मविश्वास कमी पडला’ याला जो दिला आहे, तो निदान अर्धा तरी खोडून टाका.

आपल्या देशातील आकड्यांत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. 2018 साली झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76व्या फेरीत, 15 वर्षे व त्यावरील अपंग व्यक्तींपैकी केवळ 23.8 टक्के व्यक्ती काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या निघाल्या, आणि तरीही त्यांच्यातील बेरोजगारीचा दर अवघा 4.2 टक्के भरला. हिशेब तपासणाऱ्या तुम्हाला यातील मेख लगेच कळेल. बेरोजगार म्हणून मोजले जायचे तर माणूस काम शोधत असावा लागतो; ज्याने दार ठोठावणेच सोडले, तो बेरोजगारांच्या रकान्यातूनही नाहीसा होतो. उरलेल्या तीन-चतुर्थांशांत वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले लोकही आहेत हे खरे, पण अकराव्या नकारानंतर घरी बसलेलेही त्यांतच आहेत. तुम्ही बारावे दार ठोठावले नसते, तर तुमची मोजणीही तेथेच झाली असती.

तर आईंचा अंदाज खरा आहे, पण तो मुलाखतीपूर्वीच्या काळाला लागू पडतो. नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर परिस्थिती बदलते. तुमचे काम त्यांनी पाहिलेले आहे, बाकीचे उमेदवार त्यांनी परत पाठवलेले आहेत, आणि आता माघार घ्यायची तर कारण लेखी द्यावे लागेल, किंवा लेखी देता येत नाही म्हणून चुळबुळ करावी लागेल. उलट ‘पर्मनंट झालीस की सांग’ यात एक गोष्ट निसटते: प्रोबेशनचे सहा महिने हाच तुम्हाला जोखण्याचा काळ आहे, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही कोणतीही सोय न मागता काम कराल. न ऐकलेल्या सूचनेची नोंद ‘लक्ष नसते’ अशी होते. मागून मारलेल्या हाकेला ओ दिली नाही की ‘शिष्ट आहे’ असे ठरते. कारण माहीत नसले की लोक स्वतःच्या मनाने कारण तयार करतात, आणि त्यांनी तयार केलेले कारण तुमच्या खऱ्या कारणापेक्षा क्वचितच बरे असते. शिवाय थकवा आहेच. ओठांकडे पाहत, संदर्भ जुळवत दिवसभर ऐकणे हे एक काम, ते कोणाच्या लक्षात येऊ न देणे हे दुसरे काम, आणि ज्याचा पगार मिळतो ते तिसरे. तिन्ही करून संध्याकाळी अंधेरीहून दादर आणि दादरहून भांडुप.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी याच सदरात, जवळजवळ अशाच पत्राला उत्तर देताना मी ‘काही बोलू नका, कामातून उत्तर द्या’ असे लिहिले होते आणि ते वाक्य मला तेव्हा फार आवडलेही होते. आज मी ते लिहिणार नाही. ऐकू येणाऱ्या सहकाऱ्याने बेताचे काम केले तरी त्याची खुर्ची हलत नाही, तुम्ही मात्र खुर्ची टिकवण्यासाठी रोज अव्वल असले पाहिजे, ही अट त्या सल्ल्यात दडलेली होती.

‘मला सवलत नको’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्यामागचा स्वाभिमान मला समजतो, पण सवलत कशाला म्हणायचे, हे आपण कोणाकडून शिकलो? संध्याकाळी सहाच्या सुमारास दादरच्या पुलावर उभे राहा. त्या गोंगाटात उद्घोषणा कोणालाच धड ऐकू येत नाही, चांगले कान असलेले हजारो लोक मान वर करून इंडिकेटर वाचत असतात आणि आपण सवलत घेत आहोत असे त्यांतील एकालाही वाटत नाही. कंपनी सर्वांना खुर्ची देते, दिवे लावते, आठव्या मजल्यासाठी लिफ्ट बसवते. डोळस, चालत्या-बोलत्या माणसाच्या गरजा आधीच धरून इमारत बांधलेली असते, म्हणून त्या गरजा दिसत नाहीत. बैठकीतील बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटावे, ही मागणी त्याच जातीची आहे. ती फक्त आधी कोणी धरलेली नव्हती.

कायद्याने तिला नावही दिले आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मध्ये ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे: अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून, आस्थापनेवर अवाजवी बोजा न पडता केलेले आवश्यक ते बदल. याच कायद्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगी असली तरीही, समान संधी धोरण जाहीर करायचे असते; आणि 2017 च्या नियमांनुसार जेथे वीस किंवा अधिक कर्मचारी आहेत तेथे त्या धोरणात कोणत्या सोयी मिळतील हे लिहायचे असते आणि हे काम पाहणारा संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. तुमच्या नव्या कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण आहे का, ते आजच पाहा. असल्यास तुमच्या ई-मेलमध्ये त्याचा एका ओळीत उल्लेख करा. नसल्यास त्यावरून आत्ताच वाद घालू नका.

मात्र या कायद्याच्या जोरावर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. नोकरीतील भेदभावाविरुद्धचे त्याचे सर्वांत सविस्तर कलम, म्हणजे कलम 20, सरकारी आस्थापनांपुरते आहे. आरक्षणही सरकारीच. खासगी क्षेत्रासाठी, किमान पाच टक्के कर्मचारी ठळक, म्हणजे 40 टक्के किंवा अधिक, अपंगत्व असलेले असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे, एवढ्यावरच कायदा थांबतो. आणि त्याच्या तरतुदी मोडल्यास पहिल्या वेळी होणारा दंड दहा हजार रुपयांपर्यंत आहे, जो तुमच्या कंपनीच्या एका दिवसाच्या चहापाण्याच्या खर्चात निघून जाईल. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्यात करता येते. थोडक्यात, हा कायदा तुमच्या बाजूने बोलतो, पण त्याचा आवाज अजून बराच बारीक आहे.

म्हणून तुमच्या हातात सर्वांत उपयोगाची जी गोष्ट आहे ती म्हणजे क्रम. राजीनामा अजून दिलेला नाही, तो तसाच राहू द्या. आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ई-मेल पाठवा आणि त्याची प्रत तुमच्या होणाऱ्या वरिष्ठांना द्या. त्यात निदान सांगू नका, काम कसे चालते ते सांगा. मी असे काहीसे लिहिले असते: ‘मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि मी श्रवणयंत्रे वापरते. समोरासमोरचे बोलणे मला नीट समजते. फोनवर आणि अनेक जण एकाच वेळी बोलत असताना अडचण येते. गेली सहा वर्षे मी ग्राहकांशी कामाचा व्यवहार मुख्यतः ई-मेल आणि लेखी संदेशांवर करत आले आहे आणि या काळात विवरणपत्राची एकही मुदत चुकलेली नाही. ऑनलाइन बैठकीत कॅप्शन चालू ठेवणे, बैठकीतील निर्णय दोन ओळींत लेखी मिळणे आणि बसण्याची जागा दाराकडे तोंड असलेली असणे, एवढ्या तीन गोष्टी झाल्यास माझे काम सुरळीत होईल. प्रमाणपत्राची प्रत जोडत आहे. रुजू होण्याची तारीख कायम आहे, हे कृपया कळवावे.’ मुदत न चुकल्याचे वाक्य अर्थातच खरे असेल तरच ठेवा. डेसिबलचे आकडे, लहानपणीचा ताप आणि ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ हे तिन्ही मी मुद्दाम गाळले आहे. अर्जातील रकान्यात ‘होय, सोबतचा ई-मेल पाहावा’ एवढे लिहिले की पुरे.

आठवडाभर वाट पाहा, एकदा आठवण करा, आणि लेखी उत्तर आल्यावरच ठाण्याच्या कार्यालयात राजीनामा द्या. नोटिशीचे दिवस कमी पडत असतील तर रुजू होण्याची तारीख पुढे मागून घ्या. पंधरा दिवसांसाठी कोणी निवडलेला माणूस सोडत नाही. ‘मग विक्रेत्यांचे फोन कोण घेणार?’ असे त्यांनी उलट विचारले, तर अपमान मानू नका. तो कामाचा प्रश्न आहे आणि तुमच्याकडे त्याचे उत्तर आहे. थकबाकीचा तगादा लेखी केला की दोन्ही बाजूंना नोंद राहते, हे लेखापरीक्षक तुमच्यापेक्षा आधी मान्य करतील. ज्या फोनला पर्याय नाही तो तुमच्या यंत्रांना ब्लूटूथने जोडता येतो का, हे तुमच्या ऑडिओलॉजिस्टना विचारून ठेवा. कॅप्शनवर मात्र फार विसंबू नका. एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी कोंबणारी आपली मुंबईची बोली यंत्राला अजून नीट झेपत नाही, म्हणून निर्णय लेखी मिळण्याचा आग्रह अधिक महत्त्वाचा आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट बोलून घ्या, जी बहुतेक जण विसरतात: आगीची घंटा. ती वाजली तर तुम्हाला प्रत्यक्ष येऊन सांगेल, अशी एक शेजारची व्यक्ती ठरवून ठेवा.

आणि त्यांनी खरोखरच नेमणूक मागे घेतली तर? तुम्हाला वाईट वाटेल आणि वाटायलाच हवे. पण तुमची ठाण्याची नोकरी तोपर्यंत शाबूत असेल, आणि हातात तारखांसह कागद असतील. ते घेऊन आयुक्तांकडे जायचे की तेराव्या कंपनीकडे वळायचे, हे तेव्हा शांतपणे ठरवा. दोन्ही निर्णय सन्मानाचे आहेत. प्रत्येक अन्यायाचा खटला चालवण्याची जबाबदारी अन्याय झालेल्यावरच टाकावी, असे मला वाटत नाही.

तुमच्या भावाचे म्हणणे वेगळे तपासायला हवे. सरकारी भरतीत 40 टक्के किंवा अधिक, म्हणजेच ठळक, अपंगत्व असलेल्यांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत. त्यांतील एक टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. 1995 च्या कायद्यात हे प्रमाण एकूण तीन टक्के होते. ही वाट चांगली आहे, आणि तुम्हाला सरकारी काम आवडत असेल तर अभ्यास जरूर करा. पण जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांत किती वर्षे जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय त्यांच्या बोलण्यात, त्यांच्याही नकळत, एक गृहीत आहे: ‘तुझ्यासारख्यांची जागा तिकडे.’ अशाने खासगी कार्यालयांना श्रवणयंत्र लावलेली सहकारी कधी दिसणारच नाही. भावाला सांगा, नोकरी करतानाही परीक्षा देता येते.

अशीच पत्रे इतरांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडेसे. ज्यांचे अपंगत्व दिसते, त्यांना सांगायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही; चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांनी मुलाखतीचा दिवस ठरताच रॅम्प, लिफ्ट आणि स्वच्छतागृह यांविषयी विचारून घ्यावे. अंध उमेदवारांनी संगणकावरील चाचणी स्क्रीन रीडरसह, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीसह, देता येईल का, हे आधीच लेखी विचारावे. फोनवरची मुलाखत ज्यांना अडते त्यांनी ती व्हिडिओवर किंवा लेखी घ्यावी असे सुचवावे. ‘मला लेखी चाचणी अधिक सोयीची आहे’ एवढे म्हणायला कारण द्यावे लागत नाही. मानसिक आजारातून जाणाऱ्यांना मात्र मी हात आखडता ठेवायला सांगेन. तेथे आजाराचे नाव सांगून मिळते थोडे आणि जाते फार. वेळेची किंवा रजेची जी सोय हवी असेल तेवढीच मागावी. मुंबईत शीव येथे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, वांद्र्याला वाचा आणि श्रवण अपंगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दृष्टिहीनांसाठी वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील केंद्र आहे. नोकरीच्या पहिल्या प्रयत्नापूर्वीच तेथे एक फेरी मारावी, अकराव्या नकारापर्यंत थांबू नये.

प्रमाणपत्र कंपनीला दिल्यावर, तुम्ही जुनी करप्रणाली निवडलीत तर, तुमच्या 58 टक्क्यांवर 75,000 रुपयांची वजावटही मागता येईल. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. दोन्हींची आकडेमोड तुम्ही माझ्यापेक्षा चांगली कराल.

ई-मेलचा मसुदा पाठवण्यापूर्वी आईंना वाचून दाखवा. त्यांची भीती अशी आहे की तुम्ही काहीतरी कबूल करायला निघाला आहात. मसुदा ऐकल्यावर त्यांना कळेल की तुम्ही फक्त कामाची व्यवस्था ठरवत आहात. कंपनीचे उत्तर आले की मलाही कळवा, आणि नकार आला तरी कळवा.